मतभेदाचे शब्द : उगम, अर्थ आणि अर्थांतर

समाजाचा इतिहास ताम्रपटांत, शिलालेखांत आणि दप्तरांत जसा जपलेला असतो, तसाच तो रोजच्या बोलण्यातील शब्दांतही जपलेला असतो. शेवगावसारख्या बाजारपेठेच्या गावी दिवसभरात 'हरकत', 'तक्रार', 'हुज्जत', 'तफावत', 'वाद', 'भाऊबंदकी' हे शब्द कितीतरी वेळा कानी पडतात. हे सर्व शब्द भेदाचे आणि विरोधाचे आहेत. त्यांचा उगम शोधू गेल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. यांतील बहुतेक शब्द मुळात भांडणाचे नव्हतेच. मनुष्याच्या व्यवहाराने त्यांना भांडणाचे केले. अनेकांतदृष्टीचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हा शब्देतिहास जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दरबारातून बाजारात

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा हा प्रदेश 1490 ते 1636 या काळात निजामशाहीच्या अंमलाखाली होता. दरबाराची भाषा फारसी असल्यामुळे न्याय, महसूल आणि हिशेब यांचे शब्द फारसीतून आणि फारसीमार्गे अरबीतून मराठीत आले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. परंतु बाजारातील पुष्कळ शब्द लोकांच्या जिभेवर टिकून राहिले.

त्यांपैकी 'हरकत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'हालचाल' असा आहे. मराठीत मात्र हरकत म्हणजे आक्षेप. 'तक्रार' म्हणजे मुळात 'पुनरावृत्ती', तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. ज्याचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही त्याला ते वारंवार सांगावे लागते, हा अनुभवच जणू मराठीतील अर्थात उतरला आहे. 'हुज्जत' याचा मूळ अर्थ पुरावा किंवा प्रमाण. प्रमाण देण्यासाठी सुरू झालेले बोलणे शब्दाला शब्द वाढत कोठे जाते, हे 'हुज्जत घालणे' या वाक्प्रचाराने दाखविले. 'कज्जा' म्हणजे निवाड्यासाठी आलेले प्रकरण. पुढे निवाडा मागे पडला आणि तंटा तेवढा उरला. 'खिलाफ' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याचा मूळ भाव 'मागे असणे, मागून येणे' हा आहे. त्याच धातूपासून 'खलिफा' म्हणजे मागून येणारा, उत्तराधिकारी, हा शब्द झाला. एकाच मुळातून वारसही निघाला आणि विरोधही.

याउलट काही शब्दांनी आपला शांत स्वभाव सोडला नाही. 'फरक' आणि 'तफावत' हे शब्द आजही केवळ अंतर दाखवितात. रोजमेळात तफावत आली म्हणजे कोणी शत्रू झाला असे होत नाही. ती शोधावयाची असते, आणि सापडली की मेळ बसतो. 'फारकत' हा शब्द तर 'फारिग-खत' यापासून, म्हणजे देणे फिटून मोकळे झाल्याच्या लेखापासून आला. मूळ अर्थ ऋणमुक्तीचा, आजचा अर्थ ताटातुटीचा.

जवळच्यांचे वैर

संस्कृतातील विरोधवाचक शब्द अधिक अंतर्मुख करणारे आहेत. 'भ्रातृव्य' या शब्दाचा एक अर्थ चुलतभाऊ आणि दुसरा अर्थ शत्रू. पाणिनीला या दोन अर्थांसाठी दोन निराळे प्रत्यय सांगणे भाग पडले. 'सपत्न' म्हणजे प्रतिस्पर्धी. हा शब्द 'सपत्नी' म्हणजे सवत यावरून घडला. मराठीतील 'भाऊबंदकी' याच परंपरेतील होय. भाऊबंद म्हणजे आप्त. पण भाऊबंदकी म्हणताच बांधावरचा तंटा डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्रजीतील 'रायव्हल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा शेजारी असा आहे. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. देश कोणताही असो, भाषांनी एकच साक्ष दिली आहे. दूरच्या परक्याशी वैर क्वचितच होते. वैर होते ते एका घरच्यांत, एका पाण्यावरच्यांत आणि एका धर्मातल्यांत.

'पाखंड' शब्दाची अधोगती

धर्मक्षेत्रातील अर्थांतराचे सर्वांत बोलके उदाहरण 'पाखंड' हे होय. गिरनारच्या यात्रेला जाणारा यात्रेकरू पायथ्याशी असलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाजवळून जातो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील या लेखांपैकी बाराव्या लेखात 'पासंड' हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा अर्थ केवळ 'धर्मपंथ' असा आहे. आपला पंथही पासंड आणि दुसऱ्याचाही पासंडच. स्वतःच्या पंथाची अप्रस्तुत स्तुती आणि परपंथाची निंदा टाळावी, वाणीवर संयम ठेवावा, असे तो लेख सांगतो. वाणीच्या या संयमासाठी तेथे 'वचिगुती' हा शब्द आहे. जैन परंपरेतील तीन गुप्तींपैकी वचनगुप्ती ती हीच, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात या पासंडांमध्ये निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन श्रमणांचाही, आदरपूर्वक उल्लेख आहे.

पुढील काळात वेदबाह्य पंथांना उद्देशून हाच शब्द निंदार्थी वापरला जाऊ लागला आणि आज मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी किंवा धर्मनिंदक. शब्द तोच राहिला. तो उच्चारणाऱ्याची दृष्टी बदलली. 'लुच्चा' हा शब्दही केशलोच करणाऱ्या 'लुंचित' साधूंशी जोडला जातो. ज्या आचारात कमालीची तपस्या आहे, त्याचे नाव शिवी व्हावे, यापरते अर्थांतर कोणते? दुसऱ्याचे वेगळेपण समजून न घेता त्याला नाव ठेवले की भाषाही दूषित होते, हा यातून घ्यावयाचा धडा आहे.

प्रतिष्ठानची चतुर्थी

शेवगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे आणि पैलतीरावर पैठण, म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान. सातवाहनांच्या या राजधानीच्या परिसरात महाराष्ट्री प्राकृत बहरली. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' त्याच भाषेत आहे. महाराष्ट्री ही मराठीची पूर्वज, आणि तिच्याच 'जैन महाराष्ट्री' या रूपात श्वेतांबर आचार्यांनी विपुल टीका व कथा लिहिल्या. मराठीतील विरोधदर्शक 'पण' हे अव्यय संस्कृत 'पुनः' व प्राकृत 'पुण' यांतून आले. पुनः म्हणजे 'पुन्हा'. म्हणजेच 'पण' म्हणणे हा मुळात नकार नव्हे. 'पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने पाहा' असे ते सुचविणे आहे.

याच प्रतिष्ठाननगरीत आचार्य कालकांच्या संबंधी घडलेला प्रसंग 'निशीथचूर्णी'त आला आहे. पर्युषणाची भाद्रपद शुद्ध पंचमी आणि नगरातील इंद्रमहोत्सव एकाच दिवशी आले. राजा सातवाहनाने पर्व षष्ठीला करावे अशी विनंती केली. पंचमीची रात्र ओलांडता येत नाही, असे आचार्यांनी सांगितले. मग चतुर्थीला करावे काय, असे राजाने विचारले आणि आचार्यांनी ते मान्य केले. लोकांचा उत्सव मोडला नाही आणि पर्वाची मर्यादाही मोडली नाही.

आज मूर्तिपूजकांतील तपागच्छासारखी परंपरा चतुर्थीला संवत्सरी करते, स्थानकवासी व तेरापंथी पंचमीला करतात आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते. लहान गावात एकाच गल्लीतील दोन घरांत क्षमापनेचा दिवस वेगवेगळा यावा, याची खंत अनेकांना वाटते. चतुर्थी कोणी सोडावी की पंचमी, हा निर्णय त्या त्या परंपरेच्या आचार्यांचा आहे. परंतु जी तिथी मुळात समन्वयासाठी मागे घेतली गेली, तिच्यावरूनच अबोला धरला जावा, हे त्या प्रसंगाच्या मर्माला धरून नाही.

वाद, स्याद्वाद आणि विभज्यवाद

'वाद' हा शब्द 'वद्' म्हणजे बोलणे या धातूचा. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले. सत्यशोधनासाठी केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. आज मराठीत वाद म्हणजेच भांडण झाले आहे. शुद्ध अर्थाचा वाद 'स्याद्वाद' या शब्दात सुरक्षित राहिला. यातील 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, तर 'एका विशिष्ट अपेक्षेने'. स्याद्वाद हा संशयवाद नाही. आपले विधान कोणत्या दृष्टीने खरे आहे हे प्रामाणिकपणे सांगण्याची ती शिस्त आहे.

'सूत्रकृतांगा'त साधूने 'विभज्जवाय', म्हणजे विभागून उत्तर देणारी भाषा, वापरावी असे सांगितले आहे. 'भगवतीसूत्रा'त जयंती श्राविका भगवान महावीरांना विचारते की झोपलेले बरे की जागे असलेले बरे? उत्तर असे मिळते की अधर्माने वागणाऱ्यांचे झोपणे बरे आणि धर्माने वागणाऱ्यांचे जागणे बरे. येथे भेद केला गेला, पण तो तोडण्यासाठी नव्हे, स्पष्टतेसाठी. 'विभज्य' शब्दातील 'भज्' धातूपासूनच विभक्त, भागीदार आणि भक्ती हे तिन्ही शब्द झाले. वाटून वेगळे होणे, वाटून एकत्र राहणे आणि आपला सर्व भाग अर्पण करणे, या तीन वाटा एकाच धातूतून फुटतात.

पंथांच्या नावांतही हेच दिसते. 'श्वेतांबर' आणि 'दिगंबर' हे दोन शब्द भेद दाखवितात. पण दोहोंत 'अंबर' सामाईक आहे. एकाचे वस्त्र श्वेत, दुसऱ्याचे दिशा. 'अरिहंत' या शब्दाची 'अरीचा नाश करणारा' अशीही फोड केली जाते. तेथे अरी म्हणजे राग-द्वेषादी अंतःशत्रू, शेजारचा श्रावक नव्हे.

मतभेद असोत, मनभेद नसोत

ही केवळ ग्रंथातील तत्त्वे नव्हेत. शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज हे श्रमण संघाचे द्वितीय पट्टधर होते. 1952 साली राजस्थानातील सादडी येथे झालेल्या साधुसंमेलनात अनेक स्थानकवासी संप्रदायांच्या प्रमुखांनी आपापली पदे सोडली आणि तेव्हाच हा संघ उभा राहिला. 1974 साली, भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाणवर्षात, सर्व संप्रदायांनी एक ध्वज आणि एक प्रतीक स्वीकारले. त्याच वर्षी विनोबा भावे यांच्या प्रेरणेने दिल्लीत सर्व परंपरांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि 756 गाथांचा 'समणसुत्तं' हा सर्वमान्य ग्रंथ सिद्ध झाला. त्यासाठी कोणालाही आपली परंपरा सोडावी लागली नाही.

'संघ' हा शब्द 'सम्' आणि 'हन्' यांपासून झाला आहे. 'हन्' म्हणजे प्रहार करणे. तोच प्रहार एकमेकांवर झाला तर घात. एकत्र येण्यासाठी झाला तर संघ. मागावर ताणा उभा असतो आणि बाणा आडवा. दोघांच्या दिशा परस्परांना छेदणाऱ्या. पण फणीच्या ठोक्याने ते एकमेकांत बसतात तेव्हाच वस्त्र तयार होते. सगळे धागे एकाच दिशेने गेले तर ते सूतच राहते.

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मतभेद झाले नसतील असे कोणीही म्हणणार नाही, आणि पुढील पन्नास वर्षांत ते होणार नाहीत असेही नाही. ते 'तफावत' या शब्दासारखे असावेत, म्हणजे शोधता येणारे आणि मिटविता येणारे. 'भाऊबंदकी' या शब्दासारखे होऊ नयेत. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे 'माझे दुष्कृत मिथ्या होवो'. त्यात दुसऱ्याच्या दुष्कृताचा उल्लेखही नाही. हा उच्चार चतुर्थीला होवो की पंचमीला, समोरच्या दारी जाऊन झाला म्हणजे या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.