सातपुड्यातील उंदरांची शिरगणती

सातपुड्याचे नाव निघाले की आपल्या बोरगाव-सौंसर भागात बोलणे हमखास वाघाकडे वळते. पेंचचे राष्ट्रीय उद्यान फार दूर नाही आणि सिल्लेवानी घाट चढला की रान सुरू होते. परंतु त्याच रानात उंदीर, चिचुंद्र्या, खारी आणि वटवाघळे किती जातींची आहेत, हे कोणी व कसे मोजले, याचाही एक इतिहास आहे. त्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा असूनही तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

प्रारंभ कर्नल साइक्स यांच्यापासून करावा लागतो. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असलेल्या या अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली आणि प्राण्यांची मराठी नावेही टिपली. धारवाडकडे नोकरीस असलेल्या वॉल्टर एलियट यांनी १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखाची अशीच यादी केली. तिच्यात उंदरांकडे विशेष लक्ष होते, कारण उंदीर पकडणारे वडार त्यांच्या हाताशी होते. वडारांनी सांगितलेले ‘मेट्टाड’ हे नाव शास्त्रीय ग्रंथांत ‘मेल्टाडा’ असे चुकीचे उतरले आणि आजतागायत तसेच चालू आहे. कागदावर एकदा चढलेली चूक किती चिवट असते, हे दप्तरात आयुष्य गेलेल्यांना निराळे सांगावयास नको.

१८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी होते. सोसायटीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत आपल्या शेजारच्या सिवनीत अनेक वर्षे काढलेले स्टर्नडेलही होते. सिवनीच्या रानावरील त्यांचे पुस्तक १८७७ चे, तर हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ १८८४ चा.

पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून शेतात झोपड्या घालावयाच्या, ही आठवण आपल्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून आलेली आहे. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले. त्यानंतर कोणता उंदीर घरातला, कोणता शेतातला आणि कोणता रानातला, हा प्रश्न केवळ हौशी अभ्यासकांचा राहिला नाही.

१९११ मध्ये सोसायटीने सस्तन प्राण्यांची व्यापक पाहणी हाती घेतली. मानद चिटणीस मिलार्ड यांनी वर्गणी जमविली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले रॉटन लंडनच्या संग्रहालयात बसून नमुन्यांचा अभ्यास करू लागले. निवृत्तीचा असा उपयोग विरळाच! क्रम्प नावाचे पगारी संग्राहक प्रथम खानदेशात आणि मग वऱ्हाडात फिरले. त्यांची पद्धत साधी, पण काटेकोर होती. संध्याकाळी सापळे लावावयाचे, सकाळी मिळालेल्या जनावराचे अंग, शेपूट, मागचे पाऊल व कान मोजावयाचे, कातडे भरून कवटी स्वच्छ करावयाची आणि प्रत्येक नमुन्याला ठिकाण, तारीख, नर की मादी हे लिहिलेली चिठ्ठी बांधावयाची. त्या चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे खसऱ्यावाचून शेत.

या खटाटोपाचे फळ सातपुड्यालाही मिळाले. बऱ्हाणपूरजवळच्या आसीरगडावरील एक लहानसा उंदीर रॉटन यांनी १९१२ मध्ये नवी जात म्हणून नोंदविला. होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीचे जंगल १८६५ पासून राखीव होते. तेथील शेकरूचे वेगळेपण कॅथलीन रायली यांनी १९१३ मध्ये दाखवून दिले. पाहणी १९२३ पर्यंत चालली आणि सुमारे पंचवीस हजार नमुने जमले. मिलार्ड यांचे नाव उंदरांच्या एका गणाला मिळाले. पुढे १९७५ मध्ये सिंहगडावरील उंदीर याच गणात नवी जात म्हणून नोंदला गेला आणि त्याला ‘कोंडाना’ हे नाव मिळाले. किल्ल्याचे जुने नाव असे एका उंदराने शास्त्रात नेले.

या पाहणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्राणी मारून मिळविले जात. कोणती जात कोठे आहे एवढे त्यातून कळे, पण ती किती संख्येने आहे हे कळत नसे. आज पत्र्याच्या पेटीसारख्या पिंजऱ्यात दाणे ठेवून उंदीर जिवंत धरतात, खूण करून सोडतात आणि तोच पुन्हा सापडतो का यावरून संख्येचा अंदाज बांधतात. चिचुंद्र्यांसाठी जमिनीत डबे पुरतात. घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतील हाडांवरूनही जाती ओळखतात. ही पद्धत निःसंशय अधिक चांगली आहे, पण तिच्यासाठी पैसा मिळविणे कठीण. वाघांची देशव्यापी गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. उंदरांच्या वाट्याला १९७२ च्या कायद्यात आली ती उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची. २०२२ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली.

पेंच आणि सातपुडा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा जंगलपट्टा छिंदवाड्याच्या मुलखातून जातो. तेथे रान संपते कोठे आणि शेत सुरू होते कोठे, हे सांगणे कठीण. रानातील उंदीर बी वाहून नेतात, घुबडांचे, सापांचे व रानमांजरांचे पोट भरतात. तेच कधी बांधावर येतात. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली. हा रोग उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्यांच्या पिल्लांच्या चाव्याने होतो. अशा वेळी कोणत्या रानात कोणता उंदीर आहे, याचे उत्तर ताज्या नोंदींतून मिळावयास हवे.

जुन्या नोंदींचा आधार मात्र शाबूत आहे. आसीरगडचा तो उंदीर आणि बोरीचे ते शेकरू शंभर वर्षांहून अधिक काळ संग्रहालयाच्या खणांत पडून आहेत, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर आपल्याच डोंगरातील गावांची नावे आहेत.