जखम अंगावर, नोंद कोठे?

सैनिकाची जखम दोन ठिकाणी लिहिली जाते. एक त्याच्या अंगावर आणि दुसरी सैन्याच्या दप्तरात. अंगावरची नोंद तो मरेपर्यंत पुसली जात नाही. दप्तरातल्या नोंदीचे मात्र तसे नाही. ती लिहायची राहून जाते, हरवते, क्वचित जळूनही जाते. मग आयुष्याच्या उतारावर, नातवंडे मांडीवर खेळू लागल्यावर, तो म्हातारा सैनिक सरकारकडे अर्ज करतो की, मी अमुक लढाईत जखमी झालो होतो, त्याची दखल घ्या. सरकार विचारते, कागद कोठे आहे? तो सदऱ्याची बाही वर करून व्रण दाखवतो. परंतु व्रण हा कागद नव्हे.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतल्या एका ओळीवाचून लग्न कसे अडते, हे आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना सांगावयास नको. म्हणूनच, कागद नसलेल्या जखमेचा हा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले. तो घडला अमेरिकेत. लढाईतील जखमेसाठी 'पर्पल हार्ट', म्हणजे 'जांभळे हृदय', नावाचे स्वतंत्र पदक तेथे आहे, आणि ते उशिरा मागणाऱ्यांची परंपराही तेथे मोठी आहे.

या पदकाचे मूळ जॉर्ज वॉशिंग्टनपर्यंत जाते. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत आले असताना, ७ ऑगस्ट १७८२ रोजी, न्यूबर्ग येथील आपल्या मुख्य तळावरून त्याने एक हुकूम काढला. विशेष कामगिरी करणाऱ्या साध्या सैनिकाने अंगरख्यावर, डाव्या छातीवर, जांभळ्या कापडाचे हृदय लावावे, असा तो हुकूम होता. सन्मान हा सरदार-अधिकाऱ्यांचाच हक्क मानला जाई, त्या काळात ही गोष्ट नवीन होती. हे चिन्ह मिळाल्याची खात्रीलायक नोंद असलेले सैनिक तीनच आहेत. पुढे दीडशे वर्षे ते चिन्ह विस्मृतीत गेले. वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीदिनी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी ते पदकाच्या रूपाने पुन्हा सुरू केले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांनाही मागाहून अर्ज करण्याची मुभा देण्यात आली. उशिरा मागणे हे असे या पदकाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबतीला आहे.

नियम वरवर पाहता साधे आहेत. जखम शत्रूच्या कृतीमुळे झालेली असावी, तिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचारांची गरज पडलेली असावी आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद झालेली असावी. पहिल्या दोन अटी रणांगणावर पुऱ्या होतात. तिसरी पुरी होते ती लेखणीने, आणि रणांगणावर लेखणी नेहमीच हाताशी असते असे नाही. हातबॉम्बचा तुकडा दंडात घुसला, शेजारच्या शुश्रूषकाने पट्टी बांधली आणि सैनिक पुन्हा खंदकात जाऊन बसला, तर कागद कोण लिहिणार? कित्येकजण जखम लपवत. आपण मागे गेलो तर तुकडीतील सोबती उघडे पडतील, ही त्यांची भीती. काहींना घरी तार जाऊ द्यायची नसे. ऐन चढाईत शुश्रूषकच मारला गेला, तर त्याच्या थैलीतली टिपणेही त्याच्याबरोबर गेली. शत्रूच्या कैदेत जखमांवर जे काही उपचार झाले, त्यांची नोंद तर स्वकीयांच्या दप्तरात येणे अशक्यच होते. अशा युद्धकैद्यांना हे पदक मिळण्यातील अडचण दूर करणारी तरतूद अमेरिकन काँग्रेसने १९९६ साली कायद्यात केली. तोवर कोरियातील युद्ध थांबून चार दशके उलटून गेली होती.

परंतु नोंद राहून जाते ती केवळ धांदलीत, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कोणाची नोंद करावयाची, हेही कोणीतरी ठरवीत असते. हेन्री जॉन्सनची हकिकत त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

हेन्री जॉन्सन हा न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहरात रेल्वे स्थानकावर हमाली करणारा कृष्णवर्णीय तरुण. १९१७ साली तो सैन्यात भरती झाला. अमेरिकन सैन्यात तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या असत. त्याची ३६९ वी पलटण फ्रान्समध्ये पोहोचल्यावर अमेरिकन सेनापतींनी ती फ्रेंच सैन्याच्या स्वाधीन केली. १५ मे १९१८ च्या पहाटेपूर्वी, आर्गोन जंगलाच्या कडेला, जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर होते. किमान बाराजणांच्या जर्मन टोळीने त्यांच्यावर छापा घातला. रॉबर्ट्स गंभीर जखमी झाला. जॉन्सनने हातबॉम्ब फेकले. ते संपल्यावर त्याने रायफल चालवली, ती अडकल्यावर तिच्या दस्त्याने प्रहार केले आणि शेवटी बोलो नावाचा जड पात्याचा सुरा उपसला. शत्रू रॉबर्ट्सला ओढून नेत होता, त्याला जॉन्सनने सोडवले. उजाडले तेव्हा जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा होत्या.

फ्रान्सने दोघांनाही 'क्र्वा द गेर' हे युद्धपदक दिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून पलटणीची मिरवणूक निघाली, तेव्हा जॉन्सन उघड्या मोटारीत उभा होता आणि दुतर्फा लोक त्याचे नाव घेऊन ओरडत होते. परंतु सैन्यातून मुक्त होताना त्याच्या हाती जो कागद पडला, त्यावर या जखमांचा उल्लेखच नव्हता. वर्तमानपत्रांतून ज्या जखमा साऱ्या देशाने वाचल्या, त्या त्याच्या स्वतःच्या सरकारी कागदावर नव्हत्या!

जॉन्सन आल्बनीला परतला. मोडलेल्या पायाने सामान उचलणे त्याला जड जाऊ लागले, हाताला काम टिकेना आणि संसारही मोडला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. सरकारने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले होते, ही समजूत पूर्ण खरी नाही. १९२७ साली त्याला पूर्ण व कायमचे अपंगत्व मंजूर होऊन दरमहा भत्ता मिळू लागल्याचे कागद पुढे सापडले. मात्र ते अपंगत्व मंजूर झाले ते क्षयरोगासाठी. जुलै १९२९ मध्ये, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, तो वारला. जांभळ्या हृदयाचे पदक पुन्हा सुरू होण्यास तेव्हा अजून तीन वर्षे अवकाश होता.

यानंतरची कथा त्याची नव्हे, त्याच्यासाठी झगडणाऱ्यांची आहे. आल्बनीचे नागरिक आणि तेथील माजी सैनिक वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले. १९९६ साली, मृत्यूनंतर ६७ वर्षांनी, त्याला पर्पल हार्ट मिळाले. तो आल्बनीतच एखाद्या बेवारस थडग्यात पुरला गेला असावा, असा दीर्घकाळ समज होता. पुढे शोध घेतला तेव्हा आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत 'विल्यम हेन्री जॉन्सन' या नावाखाली त्याचे थडगे आढळले. सर्वोच्च शौर्यपदकाची मागणी मात्र पुराव्याअभावी अडून राहिली होती. अखेर खुद्द सरसेनापती जनरल पर्शिंग यांच्याकडील मे १९१८ मधील एक टिपण सापडले. त्या रात्रीचा पराक्रम त्यात वर्णिलेला होता. काँग्रेसने मुदतीची अट शिथिल केली आणि २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी 'मेडल ऑफ ऑनर' जाहीरपणे प्रदान केले. ते स्वीकारायला रक्ताच्या नात्याचे कोणी नव्हते, म्हणून न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सैनिकाने ते स्वीकारले. २०२३ साली लुइझियाना राज्यातील एका मोठ्या लष्करी तळास जॉन्सनचे नाव देण्यात आले आणि २०२५ साली ते काढूनही घेण्यात आले. नोंदीचे आयुष्य असे बेभरवशाचे असते.

जॉन्सनला निदान मिरवणूक तरी लाभली होती. ज्यांना तीही लाभली नाही, अशा लाखो सैनिकांचे एकमेव साक्षीदार म्हणजे सेंट लुईस शहराजवळील ओव्हरलँड येथील सरकारी दप्तरखाना. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात त्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा तेथे नव्हती. आग पुरती विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला आणि तिचे कारण शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. एक कोटी ६० लाख ते एक कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या आरंभापर्यंत भूदलातून मुक्त झालेल्या सैनिकांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध एवढा काळ त्यात आला! या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रेही घेतलेली नव्हती. काय जळाले याची यादी करावयाची, तर तशी यादीही आधी केलेली नव्हती.

यानंतर जखमेची दाद मागणाऱ्या सैनिकाला सरकारकडून एकच उत्तर येऊ लागले की, आपले कागद बहुधा आगीत नष्ट झाले असावेत. कागद सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती. ते जळाले सरकारच्या इमारतीत. पुरावा आणावयाचा मात्र सैनिकाने!

मार्ग अगदीच बंद झाला असे नव्हे. सैनिकी दप्तरातील चुका दुरुस्त करण्यासाठी तेथे एक मंडळ आहे. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम असला, तरी न्यायासाठी मंडळ ही मुदत माफ करू शकते. सैनिक मग जुने सोबती शोधू लागतो. ज्यांनी ती जखम डोळ्यांनी पाहिली त्यांच्याकडून तो शपथेवर जबानी घेतो. आईला लिहिलेले पत्र, गावच्या वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी, पलटणीचा रोजचा हजेरी-अहवाल, असे जे मिळेल ते जोडतो. १९८८ साली एक अनपेक्षित साधन हाती आले. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळात रुग्णालयांत दाखल झालेल्या सैनिकांच्या सुमारे एक कोटी नोंदी संगणकीय फितींवर सापडल्या. त्यांत सैनिकाचे नाव नाही, केवळ त्याचा सेवाक्रमांक आहे. तरुणपणी घोकलेला तो क्रमांक ज्या म्हाताऱ्याला अजून आठवतो, त्याला कदाचित आपली जखम तेथे भेटते. परंतु जो रुग्णालयात गेलाच नाही, त्याला तेथेही काही सापडत नाही. त्याचे साक्षीदार तर दरवर्षी एकेक करून मातीआड जात असतात.

या साऱ्यात एक विसंगती आम्हांला विशेष जाणवते. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अमेरिकेचा कायदा असे सांगतो की, लढाईत भाग घेतलेल्या सैनिकाने आपल्या दुखापतीविषयी दिलेली माहिती त्या प्रसंगाशी सुसंगत असेल, तर अधिकृत नोंद नसतानाही ती ग्राह्य धरावी. तोच सैनिक पदक मागू लागला, की त्याचा शब्द एकटा पुरत नाही. पैशासाठी ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो, त्याच्यावर सन्मानासाठी ठेवला जात नाही! यावर पदकाच्या रक्षकांचे म्हणणेही ऐकून घ्यावे. खोटी पदके मिरवणारे लोक असतातच आणि त्यांच्यासाठी अमेरिकेला कायदे करावे लागले आहेत. मागेल त्याला पदक मिळू लागले, तर खऱ्या जखमेचीच किंमत उतरेल. ही भीती खोटी नाही. तथापि, सैनिकाने कागद दडवला असेल तर दोष त्याचा. ज्या संस्थेने तो लिहिला नाही किंवा जळू दिला, तिने कागदाच्या अभावाचे ओझे सैनिकावर टाकावे, हे न्यायाचे नव्हे.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. शत्रूच्या कारवाईत जखमी होणाऱ्यांसाठी भारताने १९७३ साली 'पराक्रम पदक' सुरू केले. ज्या वर्षी सेंट लुईसचे दप्तर जळाले, तेच हे वर्ष. जखमेहून आजारपणाचा दावा सिद्ध करणे अधिकच कठीण. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. भरतीच्या वेळी सैनिकाच्या शरीरात दोष असल्याची नोंद केलेली नसेल, तर तो तेव्हा धडधाकट होता असेच मानले पाहिजे. पुढे आलेले अपंगत्व सेवेमुळे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. नोंद नसणे हे येथे सैनिकाच्या विरुद्ध नव्हे, तर त्याच्या बाजूने धरले गेले. आम्हांला यात कायद्याहून मोठे असे काही दिसते. ज्याने दप्तर ठेवले, त्यानेच दप्तरातील रिकाम्या जागेचा जाब द्यावा, हे ते तत्त्व होय.

कोणी म्हणेल, ऐंशी वर्षांच्या माणसाला छातीवर लावायच्या पदकाचे काय एवढे? त्याने पोट भरत नाही, हे खरेच. परंतु अशा अर्जदाराला मागायचे असते ते बक्षीस नव्हे. मी सांगत होतो ते खरे होते, एवढेच त्याला आपल्या माणसांसमोर कोणाकडून तरी ऐकायचे असते. पर्पल हार्ट मिळालेल्या सर्वांची एकत्रित अधिकृत यादी आजही अमेरिकन सरकारपाशी नाही. न्यूयॉर्क राज्यातील न्यू विंडसर येथे २००६ साली उघडलेल्या स्मारकात नावे येतात, ती मुख्यतः सैनिकांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी कळवल्यामुळे. एवढे प्रबळ राष्ट्र, पण आपल्या जखमींची नावे त्याला घराघरांतून गोळा करावी लागतात.

म्हणून वाचकहो, आपल्या घरी सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा, काका वा मामा असतील, तर एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. पलटण कोणती, गाव कोणते, साल कोणते, शेजारी कोण होते, पट्टी कोणी बांधली, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. त्यांचा सेवाक्रमांकही लिहा. हेन्री जॉन्सनच्या २१ जखमांचा न्याय अखेर एका टिपणाने केला, पण ते सापडेपर्यंत तो ऐकायला उरला नव्हता. आपल्या घरातला माणूस अजून सांगतो आहे, तोवर लिहून घेणे आपल्या हाती आहे.