औंधचे नमस्कार आणि आपले म्हातारपण

भगिनींनो, "वय झाले, आता असेच चालायचे," हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पण आपल्या सातारा-सांगलीचाच इतिहास पाहिला तर ते पुरते खरे नाही असे दिसते.

पूर्वीच्या औंध संस्थानातले औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी, कुंडल सांगली जिल्ह्यात. तेथील राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत. संस्थानातील शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. बायकांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह असे. त्याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे काम करीत. १९४८ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी आपले स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीला हलविले आणि तेथे पुन्हा काम उभे केले. १९६८ साली ते वारले तेव्हा त्यांची शंभरी उलटली होती.

कोणी म्हणेल, राजाचे आणि पंडिताचे सोडा, आमच्यासारख्यांचे काय? खरे आहे. दोघांवरून नियम ठरत नाही. म्हणून दुसरी हकीकत सांगते. १९३५ साली इंग्लंडमध्ये डॉ. मार्जरी वॉरेन या बाईंकडे गोरगरिबांच्या दवाखान्यातील सातशेच्या वर रोगी आले. पुष्कळ म्हातारी माणसे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली. बाईंनी प्रत्येकाला नीट तपासले, उठविले, चालविले. कित्येकजण पुन्हा हिंडूफिरू लागले.

पुढे २००१ साली अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड यांनी अशक्तपणाच्या पाच खुणा सांगितल्या: वजन आपोआप घटणे, सारखा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे, हालचाल कमी होणे. तीन खुणा दिसल्या तर माणूस अशक्त समजावा. एक-दोन असल्या तर वेळीच जपावे. ही अवस्था बदलत असते. बहुधा ती वाढते, पण काहींची कमीही होते. वाढली की पडणे, हाड मोडणे, दवाखाना आणि खर्च ही साखळी लागते.

ही साखळी मी घरात पाहिली. तापातून उठल्यावर सासूबाई भाजी निवडायला बसत, तर मी म्हणे, "आत्याबाई, तुम्ही पडून राहा." मला ती सेवा वाटली. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे पाय लटपटू लागले. एके दिवशी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. घरातली शिल्लक संपली, दोन पाटल्या मोडल्या. पाटल्यांचे दुःख नाही. त्यांना निजवून मीच त्यांचे बळ घालविले, ही टोचणी राहिली.

आपण बायका दिवसभर राबतो, पण शेवटी उरलेसुरले खातो. तेच म्हातारपणी अंगावर येते. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना दूध, डाळ, उसळ वेळेवर द्या. डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालवा, हात न टेकता खुर्चीवरून चार वेळा उठवा. न्हाणीघर कोरडे ठेवा. आणि चाळिशीतल्या मैत्रिणींनो, स्वतःचे ताटही वेळेवर वाढून घ्या. उद्याच्या सासूबाई आपणच आहोत.