परदेशातील केअरगिव्हर-नोकऱ्यांतील फसवणूक व तिचा प्रतिबंध

परदेशात वृद्ध, आजारी किंवा अपंग व्यक्तींच्या देखभालीचे काम मिळवून देतो असे सांगून उमेदवाराचे पैसे, कागदपत्रे किंवा श्रम लुबाडण्याचा गुन्हा. त्याचे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात नोकरी अस्तित्वातच नसते. पैसे घेतल्यावर दलाल बेपत्ता होतो. दुसऱ्यात नोकरी असते, पण ठरलेली नसते. पगार, कामाचे तास किंवा कामाचे स्वरूप तेथे पोहोचल्यावर बदलते. तिसऱ्यात व्हिसा खरा असतो, मात्र ज्याच्या नावावर तो काढला त्या मालकाकडे कामच नसते.

पार्श्वभूमी : जपान, जर्मनी, ब्रिटन, इस्राएल या देशांत वृद्धांचे प्रमाण वाढले असून त्यांच्या देखभालीसाठी स्थानिक मनुष्यबळ अपुरे पडते. त्यामुळे तेथे परदेशी केअरगिव्हरना खरोखर मागणी आहे, आणि ठकसेनांच्या बोलण्यावर विश्वास बसतो तोही या खऱ्या मागणीमुळेच. या कामासाठी जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. दागिने गहाण ठेवून, जमीन विकून किंवा सावकारी कर्ज काढून पैसे उभे केले जातात. कर्ज डोक्यावर असल्याने फसवणूक लक्षात आल्यावरही अनेकजण तक्रार न करता पडेल ते काम करत राहतात. काम खाजगी घराच्या चार भिंतींआड चालते, म्हणून सरकारी तपासनिसाची नजरही तेथे सहसा पोहोचत नाही.

फसवणुकीची रीत : संपर्क बहुधा व्हॉट्सॲप, फेसबुक किंवा ओळखीतल्या सब-एजंटमार्फत होतो. मुलाखत होत नाही, किंवा दोन-चार मिनिटांत उरकली जाते. लगेच ऑफर लेटर येते. त्यावर मोठ्या रुग्णालयाचे वा संस्थेचे बोधचिन्ह असते, पण ई-मेलचा पत्ता मात्र फुकट सेवेवरचा. पुढे नोंदणी, मेडिकल, व्हिसा, विमा, तिकीट अशा नावांनी टप्प्याटप्प्याने पैसे मागितले जातात. प्रत्येक टप्प्यावर मुदत दोन दिवसांची आणि जागा शेवटची असते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून उमेदवार पुढचा हप्ता भरतो. पैसे व्यक्तीच्या खात्यात किंवा रोख घेतले जातात आणि पावती दिली जात नाही. मूळ पासपोर्ट ताब्यात ठेवणे हाही दबावाचाच प्रकार आहे. पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, त्यामुळे तो तारण म्हणून अडकवून ठेवण्याचा हक्क दलालाला किंवा मालकाला नाही.

ब्रिटनमधील अनुभव : फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअर वर्करना आरोग्य व देखभाल व्हिसासाठी पात्र ठरवले. या व्हिसासाठी परवानाधारक मालकाने दिलेले प्रायोजकत्व प्रमाणपत्र लागते. ती मुळात संगणकीय नोंद असून उमेदवाराच्या हाती तिचा क्रमांक येतो. तेथील १९७३ च्या कायद्यानुसार काम शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. तरीही या प्रमाणपत्रांची लाखो रुपयांना विक्री झाली. अनेकांना तेथे पोहोचल्यावर कामच मिळाले नाही, किंवा कबूल केलेल्या तासांपेक्षा फारच कमी मिळाले. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात देखभाल क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे प्रायोजक-परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी जोडलेल्या ३९,००० हून अधिक कामगारांवर त्याचा परिणाम झाला. परवाना रद्द झाल्यास कामगाराला नवा प्रायोजक शोधण्यासाठी सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करना कुटुंबीय सोबत नेण्यास बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरती थांबवण्यात आली. त्यामुळे त्यानंतर भारतातून थेट केअर वर्करच्या व्हिसावर ब्रिटनला पाठवण्याचे आश्वासन हेच फसवणुकीचे चिन्ह ठरते.

इस्राएल व इतर देश : इस्राएलमध्ये हजारो भारतीय केअरगिव्हर बी-१ व्हिसावर काम करतात. देखभालीची गरज असलेल्या व्यक्तीला परदेशी कामगार ठेवण्याचा परवाना तेथील लोकसंख्या व स्थलांतर प्राधिकरण देते. दलाल कधीकधी नावापुरता मालक दाखवून व्हिसा काढतात आणि विमानतळावर उतरलेल्या कामगाराला घरच नसते. २०२३ मध्ये भारत व इस्राएल यांच्यात बांधकाम आणि शुश्रूषा क्षेत्रांसाठी कामगार पाठवण्याचा करार झाला. त्यानंतर राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत सरकारी भरतीचा मार्ग खुला झाला. २०२४ मधील भरतीत केअरगिव्हरसाठी किमान दहावी उत्तीर्ण आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह मान्यताप्राप्त अभ्यासक्रम अशी अट होती.

जपानच्या विशिष्ट कुशल कामगार योजनेत देखभालीच्या कामासाठी कौशल्य, सर्वसाधारण जपानी आणि देखभालीच्या कामातील जपानी अशा परीक्षा द्याव्या लागतात. भाषा न शिकता तेथे नेण्याचे आश्वासन म्हणूनच संशयास्पद असते. कॅनडात पैसे घेऊन स्थलांतराचा सल्ला देणारी व्यक्ती वकील किंवा अधिकृत परवानाधारक असावी लागते, आणि सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. आखाती देशांत पर्यटक व्हिसावर नेऊन नंतर घरकामाला जुंपण्याचे प्रकार घडतात. पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा असल्याने पीडित व्यक्तीच तेथे कायद्याच्या कचाट्यात सापडते.

भारतीय कायद्याचे संरक्षण : उत्प्रवास अधिनियम, १९८३ च्या कलम १० नुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर घेऊ शकतो. त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सब-एजंटला या व्यवस्थेत स्थान नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, कुवेत, ओमान यांसारख्या १८ अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. या संरक्षकाचे एक कार्यालय मुंबईत आहे. या देशांत घरकामासाठी जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारक स्त्रीचे वय किमान ३० वर्षे असावे लागते. मंजुरी घेऊन जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पर्यटक व्हिसावर गुपचूप गेल्यास ही सारी कवचे गळून पडतात.

पडताळणी : प्रतिबंधाचे मुख्य सूत्र असे, की कागद ज्याने आणला त्याच्याकडे नव्हे, तर ज्याच्या नावाने तो निघाला त्याच्याकडे तपासावा. हे पैसे देण्यापूर्वी, पुढील क्रमाने करावे.

(१) एजंटचे नाव व नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावा. नोंदणी चालू आहे, रद्द झाली आहे की निलंबित आहे, हे तेथे कळते. दाखवलेला पत्ता आणि प्रत्यक्ष कार्यालय यांचा मेळ घालावा.

(२) मालकाचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. ऑफर लेटरवरील क्रमांकावर फोन न करता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळालेल्या क्रमांकावर विचारणा करावी. काम खाजगी घरी असल्यास कुटुंबाशी व्हिडिओ कॉलवर बोलून रुग्णाची अवस्था, राहण्याची जागा आणि सुट्टीचा दिवस विचारावा.

(३) त्या देशात सध्या असा व्हिसा दिला जातो का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. व्हिसाचे नियम झपाट्याने बदलतात, त्यामुळे आधी गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव पुरेसा पुरावा नसतो.

(४) पगार, तास, सुट्टी, राहणे-जेवण, वैद्यकीय खर्च आणि परतीचे भाडे लिहिलेला करार समजेल अशा भाषेत वाचल्याशिवाय सही करू नये. कराराची प्रत घरी ठेवावी.

(५) पैसे फक्त संस्थेच्या बँक खात्यात, पावती घेऊन भरावेत. व्हिसाचे शुल्क शक्यतो थेट अधिकृत केंद्रावर भरावे.

फसवणूक झाल्यास : पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देता येते. शोषणासाठी जबरदस्तीने वा फसवून नेले असल्यास कलम १४३ खालील मानवी तस्करीचा गुन्हा लागू होतो. बेकायदा एजंटविरुद्ध उत्प्रवासी संरक्षकाकडे किंवा ई-मायग्रेटवर तक्रार करावी. भारतातून १८००-११-३०९० या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. परदेशात अडकलेल्या व्यक्तीने भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. तिच्या वतीने नातेवाईक ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवू शकतात. चॅट, ध्वनिसंदेश, बँकेचे व्यवहार, ऑफर लेटर आणि तिकिटे हे तपासातील मुख्य पुरावे असतात, म्हणून राग किंवा शरमेपोटी ते पुसून टाकू नयेत.