मनमाडची परिषद, रेशनचं ताट आणि अंगातला दाह

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी इथेच सांगितलं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातला एक तपशील आपण विसरतो. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची जागाही क्वचितच मिळते, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी घरगड्याचं काम करावं लागतं आणि सवर्ण मास्तरच्या घराला त्याचा विटाळ होतो. म्हणजे कोणाचा हात कोणाच्या घराला लागणार, यावर बढती ठरत होती. बढतीवर पगार आणि पगारावर ताट.

हा इतिहास आज का काढायचा? कारण वस्त्यांमध्ये चाळिशीतच 'शुगर' आणि 'बीपी' निघते, तेव्हा माणसाला सांगितलं जातं, "तुमच्या खाण्याच्या सवयी वाईट."

आधी विज्ञान समजून घेऊ. जखम सुजते आणि बरी झाली की सूज उतरते. पण पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठली की ती सतत दाहाचे संदेश सोडत राहते. त्यावर यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं, रक्तात ते मोजता येतं. दुखत नाही, ताप येत नाही. पण वर्षानुवर्षं हा मंद दाह राहिला की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तवाहिन्या खराब होतात. मैदा, साखर, वनस्पती तूप, पाकिटातलं तळलेलं खाणं याला हातभार लावतं. भरड धान्य, डाळी, पालेभाज्या यांतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून दाह आवरणारे घटक तयार होतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, शहरी झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शहरातल्या पुरुषांमध्ये चरबी आणि दाहाच्या खुणा खेड्यातल्यांपेक्षा जास्त आढळल्या. त्यांचंच दुसरं काम पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर आहे. ही बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. हे अभ्यास जातीवर नव्हते. पण आईच्या पोषणाचा परिणाम बाळाच्या शरीरावर होतो हे मान्य केलं, तर पिढ्यान् पिढ्या कोणाच्या आया अर्धपोटी राहिल्या, हा प्रश्न टाळता येत नाही.

आता ताटाकडे पाहू. आपल्या भागाचं अन्न बाजरी-ज्वारीची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात लोक परदेशातून आलेल्या मिलोवर आणि सुकडीवर जगले. पुढे रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ आला. त्याने भूक भागवली, हे नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण पोट भरणं आणि पोषण होणं एक नव्हे. डाळ विकत घ्यायची, भाजी विकत घ्यायची. मजुरी पुरत नाही तिथे चहात साखर आणि दहा रुपयांचा पुडा एवढंच परवडतं.

अशा वेळी 'सात्त्विक आहार घ्या' असा उपदेश येतो. त्यात विज्ञान कमी आणि सोवळं जास्त. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते स्वाभिमानासाठी; शाकाहाराला श्रेष्ठत्व देण्यासाठी नव्हे. सुकट, अंडी, मासे हे गरिबाचं स्वस्त प्रथिन आहे. ताटात मांस आहे की नाही, एवढ्यावरून दाह ठरत नाही. मैद्याची बिस्किटं शाकाहारीच असतात.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्याचंही नाव आहे. मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत. मग ज्वारी-बाजरी दर महिन्याला का नाही? डाळ का नाही? अंगणवाडीत अंड्याला विरोध कोण करतं? आजाऱ्याला सवयी बदला म्हणण्याआधी हे प्रश्न तहसील कार्यालयात विचारले पाहिजेत. जे खाणं परवडतं तीच सवय होते. म्हणून लढाई मजुरीची आणि रेशनची आहे, आणि शत्रू अजूनही तेच दोन आहेत.

जय भीम!