काचेवरची पांढरी रेघ

आमच्या फिशटँकच्या काचेवर, वरून चार बोटं खाली, एक पांढरी रेघ आहे. लिंबानं घासली की फिकी होते, जात नाही. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगते, ती 2013 ची आहे.

1986 साली लग्न होऊन बदनापूरला आले, तेव्हा इथले मासे हौदात असत. गुरांच्या हौदातले गप्पी मासे. ते शोभेसाठी नव्हते. डासांच्या अळ्या खायला हिवतापवाले सोडून जात. मासे नुसते बघत बसायचं तर औरंगाबादची पाणचक्की होती. तिथं अठराव्या शतकात डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून हौद भरलेला. काचेतले मासे बघायला थेट मुंबई गाठावी लागे, मरीन ड्राइव्हवरचं 1951 सालचं तारापोरवाला मत्स्यालय. आमच्या यजमानांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलं आणि खूळ डोक्यात घेऊन आले.

पहिली टाकी ग्रिलवाल्या मिस्त्रीनं केली. लोखंडी अँगलची चौकट, काचा बसवून फटींत लांबी भरलेली. माशाचं एंजलफिश हे नाव ऐकून तो म्हणाला, "अँगलफिश? मंग आकार बरोबर हाय." गल्लीत तेच नाव रूढ झालं. 1823 साली शास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावात शिडी आहे, इंग्रजीला या माशात देवदूत दिसला, आमच्या मिस्त्रीला अँगल.

अ‍ॅमेझॉनच्या संथ पाण्यातला हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पोचला आणि घरोघरच्या काचेत शिरला. आमच्याकडे आलेल्यांनी अ‍ॅमेझॉन पाहिलेलंच नव्हतं. चेन्नई-कोलकात्याकडच्या हौदांत जन्म, मग मुंबईचा बाजार, मग औरंगाबादचं दुकान. तिथून प्राणवायू भरलेली पिशवी ओल्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन पॅसेंजरनं बदनापूर. निजामाच्या राज्यात 1900 साली सुरू झालेली ही लाइन, तेव्हा अजून मीटर गेजच होती.

मासा आला, पण त्याचं पाणी कुठून आणणार? त्याला हवं मऊ, किंचित आंबट पाणी. आमचं बोअरचं पाणी काळ्या खडकातलं, जड, चहाच्या पातेल्याला पुट चढवणारं. हौदात वाढलेले एंजल त्यात जगत, अंडीही घालत. पण ती पांढरी पडून बुरशी धरत. पुढं लोडशेडिंगची वर्षं आली. टाकीची हवेची मोटर बंद पडली की मी मगानं पाणी उचलून उंचावरून सोडत बसे, हवा मिसळावी म्हणून.

मग 2012 चा पाऊस रुसला. उन्हाळ्यात दारात टँकर. एरवी आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं, जुनं तुळशीला घालायचं. त्या वर्षी बादली उचलली की सासूबाई म्हणत, "माणसाला प्यायला न्हाई, अन् माशाला आंघोळ?" उत्तर नव्हतं. पाणी बदलणं बंद केलं. उडून जाईल तेवढं तांब्यानं भरत राहिले. पण उडतं ते पाणी, क्षार मागंच राहतात. पाणी दिवसेंदिवस जड होत गेलं, काचेवर रेघ चढली. सहापैकी दोन मासे उरले.

2013 च्या जूनमध्ये पागोळ्यांखाली घरातली सगळी पातेली मांडली. धुण्याभांड्यांचं भागवून उरलं ते पाणी थोडं थोडं करत टाकीत मिसळलं. एंजलला अंडी घालायला उभी, गुळगुळीत जागा लागते, म्हणून मुलीची जुनी पाटी तिरकी टेकवून ठेवली. एका सकाळी पाटीवर अंड्यांच्या ओळी होत्या. दोघं पंखांनी वारा घालत होते. पांढरं पडलेलं अंडं तेवढं तोंडानं वेचून काढत होते. तिसऱ्या दिवशी ओळी वळवळू लागल्या. सासूबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

तेव्हापासून घरात रीतच पडली. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची धूळ घेऊन जाऊ द्यायचं. दुसऱ्या पावसाला पातेली मांडायची. आणि त्यातलं एक पातेलं माशांचं, हे आता सांगावं लागत नाही.