फुलण्याच्या निरोपाचा शोध

दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात, हे माळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण ऋतू पालटल्याची वार्ता रोपाला कशी कळते? पानांत फुलांची घडण करणारी द्रव्ये तयार होत असावीत, असा तर्क जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियुस झाक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. त्याला प्रयोगाचा आधार मात्र पुढे मिळाला.

अमेरिकेत तंबाखूचे ‘मेरीलँड मॅमथ’ हे वाण उन्हाळ्यात नुसतेच उंच वाढे, फुलत नसे. गार्नर आणि अलार्ड यांनी त्याची रोपे रोज काही तास अंधारात ठेवून दिवस लहान केला, आणि त्यांना फुले आली. फुलण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी असतो, हा निष्कर्ष त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

मॉस्कोतील मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीच प्रयोगास घेतली. शेंड्याकडील पाने काढून त्यांनी फक्त खालच्या पानांना लहान दिवस दिला, शेंड्याला मोठा. तरीही रोप फुलले. उलट व्यवस्थेत फुलले नाही. म्हणजे दिवस मोजतात पाने आणि फूल धरते शेंड्यावर. मध्ये कोणीतरी निरोप्या असलाच पाहिजे. त्या अज्ञात संप्रेरकाला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. हा काळ १९३६-३७ चा.

तेव्हा सोव्हिएत विज्ञानावर लायसेंको यांची छाया पसरत होती. संप्रेरकांची कल्पना त्या वर्तुळाला मान्य नव्हती. त्याची झळ चैलाख्यान यांच्या पदवीला आणि पदालाही लागली. परंतु त्यांनी संशोधन सोडले नाही. इकडे अनेक प्रयोगशाळांनी पानांचे अर्क काढून पाहिले, पण फ्लोरिजेन हाती लागेना. जिबरेलिन या संप्रेरकाने काही दीर्घदिनी वनस्पती फुलल्या. शेवंतीसारख्या लघुदिनी वनस्पतींच्या बाबतीत मात्र ते उत्तर पुरे पडले नाही.

अखेर २००७ मध्ये जर्मनी आणि जपान येथील संशोधकांनी, एकाने अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपात व दुसऱ्याने भातात, तो निरोप्या दाखवून दिला. पानात तयार होऊन रसवाहिनीतून शेंड्यापर्यंत जाणारे ते एक छोटे प्रथिन होते. चैलाख्यान १९९१ मध्येच निवर्तले होते.

आपली शाळा आज साठ वर्षांची होत आहे. या एका प्रश्नाच्या उत्तराला सत्तर वर्षे लागली. ज्याने प्रश्न नेमका विचारला, त्याला उत्तर पाहता आले नाही. तरी ते उत्तर त्याचेही आहे. शाळेत पेरलेल्या अनेक प्रश्नांचे भाग्य असेच असते.